पूल मोकळा करा

वसुधा पांढरीपांडे नागपूरहून अमेरिकेत आली ती फ्रान्सचा इतिहास शिकायला, आणि हे सांगितलं की समोरचा मराठी माणूस हमखास दोनदा विचारायचा. ती राहायची त्या श्रूजबरी गावात तिच्या ओळखीचे सगळे कम्प्युटरवाले. ती एकटीच रोज सकाळी वूस्टरच्या एका छोट्या कॉलेजात जाऊन मुलांना मेलेल्या मंत्र्यांबद्दल सांगायची. लग्न केलं नव्हतं. सणावाराला जायचं घर एकच, मैत्रीण पद्मिनी आणि तिचा नवरा राजीव यांचं. त्यांचा मुलगा जय हा तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्याला सायकल राजीवनं शिकवली आणि पोहणं वसुधानं.

जय बारावी झाला आणि कुणाला न विचारता आर्मीत भरती झाला. राजीव आठवडाभर जेवणाच्या टेबलाशी बसला नाही. पुण्याच्या नातेवाइकांना नवराबायकोनं बरेच दिवस 'जय बाहेर शिकतोय' असंच सांगितलं. दोन हजार पाचच्या शेवटी जय इराकमधून परत आला तेव्हा अंगानं धडधाकट होता. फक्त दाराकडे पाठ करून बसत नसे, आणि कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर आधी तो हात पिरगाळायचा आणि मग सॉरी म्हणायचा.

पुढच्या वर्षी त्यानं वसुधाच्याच कॉलेजात नाव घातलं. पद्मिनी म्हणाली, "तुझ्या एका तरी क्लासला बसव त्याला. निदान एक ओळखीचं माणूस समोर असेल."

म्हणून जय एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सच्या वर्गात येऊन बसला, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

त्या वर्षीही वसुधा आन्सेल्म कुर्वालबद्दल शिकवत होती. कुर्वालवर ती कित्येक वर्षं पुस्तक लिहीत होती. हा माणूस सँ-मार्लान नावाच्या विणकरांच्या गावातल्या एका नोटरीचा मुलगा. वकील झाला. तरुणपणी गावात दंगल झाली, विणकरांनी एका गिरणीमालकाला त्याच्याच मागाच्या दोरीनं खिडकीतून लटकावलं. अकरा जण पकडले गेले. सरकारला अकराही मुंडकी हवी होती. कुर्वालनं कोर्टात एकेकाचे हात ज्यूरीला दाखवले, सोललेले, रंगानं काळे पडलेले, आणि विचारलं की या हातांना मरण देऊन काय मिळणार. अकराही वाचले. त्यांतला बातिस्त नावाचा विणकर इतका उंच होता की त्यानं कुर्वालला खांद्यावर घेतलं तेव्हा कोर्टाच्या कमानीला कुर्वालचं डोकं आपटलं, आणि कपाळातून रक्त गळत असतानाच तो लोकांना हात करत राहिला. त्या रक्तानं त्याला निवडणूक जिंकून दिली, असं वसुधा वर्गात सांगायची. मुलं हसायची.

मग क्रांती झाली, राजा पळाला, प्रजासत्ताक आलं आणि चारच महिन्यांत त्या प्रजासत्ताकाविरुद्ध पॅरिसची गरीब माणसं रस्त्यावर उतरली. कुर्वाल खासदाराचा पट्टा बांधून एका बॅरिकेडपाशी बोलणी करायला गेला. ज्या तरुण डॉक्टरला त्यानं सोबत नेलं होतं, त्याच्या तोंडात गोळी शिरली. डॉक्टरचे दात कुर्वालच्या गालात रुतले. सर्जननं ते चिमट्यानं काढले. त्या दिवसापर्यंत कुर्वाल गर्दीला 'लोक' म्हणायचा, त्या दिवसानंतर त्यानं तो शब्द पुन्हा वापरला नाही.

वर्षभरात तो गृहमंत्री झाला. आणि गृहमंत्री होऊन हिवाळा संपतोय तोच सँ-मार्लानच्या विणकरांनी संप केला, नदीवरचा पूल अडवला. त्या काळी निरोप डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यांतून जायचे, लाकडी हात हलवून, एका मनोऱ्यावरून दुसऱ्याला. निरोप जितका लांब तितका वेळ जास्त, म्हणून कुर्वालनं तीनच शब्द पाठवले. पूल मोकळा करा.

पुलावर बायका होत्या, पोरं होती. सैनिकांनी दोन्ही टोकं बंद केली आणि मग मोकळा करायला सुरुवात केली. पहिल्या फैरीत पुढची रांग पडली. मागच्यांना पळायला जागा नव्हती. ते संगिनींवर जाऊन आदळले. काही नदीत उड्या टाकून मेले. वरच्या अंगाला रंगाऱ्यांची कुंडं होती, नदी एरवीही तांबडीच वाहायची, त्यामुळे खालच्या गावातल्या बायका दुपारभर तिथेच कपडे धूत राहिल्या. बातिस्त पुलाच्या मधोमध सापडला. त्याच्या उंचीमुळे ओळखू आला, चेहऱ्यावरून नाही.

वर्गात जय वहीत काही लिहीत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचा जबडा सारखा हलत होता, काही चावत असल्यासारखा.

पुढच्या बुधवारी वर्गात खटला चालवायचा होता. कुर्वाल आरोपी, अर्धी मुलं फिर्यादी, अर्धी बचावाची. वसुधा हे दर वर्षी करायची, मुलांना आवडायचं. आदल्या दिवशी जय तिच्या ऑफिसात आला आणि दारातच उभा राहिला.

"मावशी, बुधवारी नाही आलो तर चालेल का?"

"का रे?"

"नथिंग. मला तो ब्रिजवाला भाग नको आहे."

वसुधानं पेन खाली ठेवलं. "तू बोलू नकोस, फक्त ऐक. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. कधी कधी लांबचं बघितलं की जवळचं बघायला सोपं जातं."

जय "ओके," म्हणाला आणि गेला. ती जे बोलली ते तिला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

बुधवारी कुर्वालचा वकील झाला ट्रेव्हर. उंच, चलाख मुलगा, वादविवादाच्या संघात होता, लॉ स्कूलला जाणार होता. तो उभा राहिला आणि छान बोलला. मंत्री पॅरिसमध्ये होता, तीनशे मैलांवर. त्यानं मारा असं म्हटलं नाही, मोकळा करा म्हटलं. मोकळा करायच्या शंभर रीती असतात. हवेत गोळ्या झाडता आल्या असत्या. ज्यांनी छातीवर नेम धरला त्यांनी तो स्वतःच्या मर्जीनं धरला. "मंत्र्याला सोडा," तो म्हणाला, "बंदुकीमागचा माणूस आणा इथे."

"त्याला काय विचारशील?"

हे जय बोलला. बसल्या जागेवरूनच, अगदी शांतपणे. वसुधाला वाटलं त्याला थांबवावं, पण तो पहिल्यांदाच वर्गात बोलत होता, आणि तिनं थांबवलं नाही.

ट्रेव्हर हसला. "विचारीन, की तू ट्रिगर का ओढलास."

"कारण गाडी थांबली नाही," जय म्हणाला.

मग तो सांगत गेला, कुणी विचारलं नसताना. इराकमध्ये, रस्त्यावर तपासणी नाका होता. ऊन उतरलं होतं, सूर्य थेट डोळ्यांत. पांढरी गाडी येत होती. हातानं थांब सांगितलं, आरडाओरडा केला, पुढ्यात जमिनीवर गोळ्या मारल्या. वायरलेसवर लेफ्टनंट म्हणाला, थांबवा. एवढंच. मशीनगनवर जय होता. गाडी थांबली तेव्हा तिची समोरची काच नव्हती. मागच्या सीटवर आजी होती आणि तिच्या मांडीवर दोन मुलं. आजीचा हात मुलांच्या डोळ्यांवर होता. "हात होता," जय म्हणाला, "पण हातामागचे डोळे नव्हते." पुढे त्यानं ती गाडी धुतली, कारण रस्ता मोकळा करायचा होता.

कुणीतरी रडू लागलं होतं. वसुधा टेबलापाशी उभी होती.

ट्रेव्हर वाईट मुलगा नव्हता. तो घाबरला होता, आणि घाबरला की बोलायची त्याला सवय होती. तो कसनुसं हसत वर्गाकडे वळला आणि म्हणाला, "वेल, युअर ऑनर, बचाव पक्षाला आरोपी सापडला."

जय बाकांवरून चालत आला. ट्रेव्हरनं हात वर केले ते शरण गेल्यासारखे. पहिला ठोसा जबड्यावर बसला आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. ट्रेव्हर पडला, जय त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, रागानं नव्हे, खिळा ठोकावा तसा, एका लयीत. फरशीवर दात पडले. वसुधानं धावत जाऊन मागून त्याचा दंड धरला. "जय, सोड त्याला," ती मराठीत म्हणाली. तिला वाटलं होतं तो मराठी ऐकेल. त्यानं मान न वळवता हात झटकला आणि ती रेडिएटरवर जाऊन आपटली. डाव्या मनगटातलं हाड कातडीच्या आत सरकलेलं तिला स्पष्ट दिसलं. शेवटी चार मुलांनी मिळून त्याला ओढून काढलं. तोवर ट्रेव्हरचा चेहरा ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. पोलीस येईपर्यंत जय भिंतीला टेकून उभा होता आणि स्वतःच्या सालपटलेल्या बोटांकडे बघत होता.

इमर्जन्सीत वसुधाच्या हाताला प्लास्टर घालत असतानाच पद्मिनी आली. कोट उलटा घातला होता तिनं.

"फार दुखतंय का?"

"औषध दिलंय."

पद्मिनी खुर्ची ओढून जवळ बसली. "तुला विचारतील. तू एवढंच म्हण, की त्या मुलानं आधी ढकललं."

"त्यानं नाही ढकललं, पद्मिनी. त्यानं हात वर केले होते."

"तू पडली होतीस. तुला काय दिसलं?"

"पडायच्या आधी सगळं दिसलं."

"तुला मूल नाही," पद्मिनी म्हणाली, "म्हणून तुला हे एवढं सोपं आहे." मग ती उठून गेली. बाहेर लिफ्टपाशी तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

कॉलेजच्या चौकशीत वसुधानं जे घडलं तेच सांगितलं. ट्रेव्हरनं बोटही लावलं नव्हतं. जय आदल्या दिवशी सुटी मागायला आला होता आणि आपण ती नाकारली, हेही सांगितलं. खटल्याचा खेळ आपण मांडला, हेही. जयला कॉलेजातून काढलं, कोर्टात मारहाणीची केस उभी राहिली. वसुधाला डीननं बोलावून समज दिली. ट्रेव्हरचा जबडा तारांनी बांधला होता, त्याची आई त्याला नळीनं सूप पाजत होती, असं कळलं. वसुधा त्याला भेटायला गेली तेव्हा त्या बाईंनी दार उघडलं आणि तिला बघून लावून घेतलं.

तरी सेमिस्टर संपवायचं होतं. गळ्यात हात अडकवून ती वर्गात उभी राहिली. दोन जागा रिकाम्या होत्या आणि मुलं त्यांच्याकडे न बघण्याची खटपट करत होती. कुर्वालचं उरलेलं आयुष्य तिनं एका दमात सांगितलं.

पुलानंतर काही महिन्यांनी बातिस्तची बायको पॅरिसला पायी गेली. मंत्रालयाच्या पायऱ्यांवर तिनं कापड कापायच्या कात्रीनं कुर्वालवर वार केला. गाल फाटला, डावा डोळा गेला. शिपायांनी तिथेच बंदुकीच्या दस्त्यांनी तिची बोटं ठेचली. कुर्वाल बँडेज बांधून सभागृहात आला आणि सगळे उभे राहिले. विरोधी बाकावरच्या एका म्हाताऱ्या खासदारानं तेवढं म्हटलं, की दुसरा डोळा तर पुलावरच गेला होता. कुर्वालनं त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. एका डोळ्यानं नेम धरून पोटात गोळी घातली. म्हातारा आठवडाभर विव्हळत मेला. मग सत्ता उलटली, सम्राट आला, आणि ज्या प्रजासत्ताकासाठी माणसं मारली तेच विकून कुर्वाल सम्राटाचा मंत्री झाला. बातिस्तची बायको सक्तमजुरीवर समुद्रापार पाठवली गेली, तिथे तापानं मेली. तिच्या माफीचा कागद त्याच्यापुढे आला होता. त्यानं सही केली नाही. सम्राट पडला तेव्हा जमावानं कुर्वालचं घर फोडलं, पियानो खिडकीतून फेकला, त्याच्या म्हाताऱ्या नोकराला पियानोखाली चिरडलं. कुर्वाल मागच्या दारानं निसटला आणि पुढे कित्येक वर्षं समुद्रकाठी जगला. झोपेत मेला.

"त्याला पश्चात्ताप झाला का?" एका मुलीनं विचारलं.

"मी खूप शोधला," वसुधा म्हणाली. "मला सापडला नाही. आणि मला वाटतं, तो सापडावा म्हणूनच मी इतकी वर्षं त्याचं लिहीत होते."

डिसेंबर गेला. पद्मिनीचा फोन नाही, राजीवचा नाही. दिवाळीसुद्धा तशीच गेली होती. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी फोन वाजला. पद्मिनीला धड बोलता येत नव्हतं. "ये," ती म्हणाली. "ते दोघं गॅरेजमध्ये... मला नाही आवरत. तू ये."

वसुधा चपलांवरच निघाली. गॅरेजचं दार अर्धं वर होतं. वाकून आत शिरली तर राजीव गाडीच्या बॉनेटवर उताणा होता आणि जयचे दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती होते. जय वकिलाकडे गेला नव्हता, त्यावरून सुरू झालं होतं. बाप म्हणाला होता, "तिथे मारलंस, कॉलेजात मारलंस, आता घरात कुणाला मारणार आहेस?"

राजीवचे पाय हवेत झाडत होते. तोंड जांभळं झालं होतं. पद्मिनी जयचं स्वेटर ओढत होती, आणि ते फक्त लांब होत होतं.

"जय," वसुधा म्हणाली. तो ऐकणार नाही, हे तिला आधीपासून माहीत होतं. भिंतीला बर्फ काढायचं फावडं टेकलेलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं. नुकतंच जुळलेलं मनगट आतून किंचाळलं. तिनं पूर्ण ताकदीनं ते जयच्या डोक्यात घातलं.

पत्र्याची कड कानाच्या वर लागली. जय एकदम बसला, एखाद्या थकलेल्या माणसानं बसावं तसा, टायरला टेकून. मानेवरून रक्ताची धार शर्टात गेली. राजीव जमिनीवर ओणवा होऊन खोकत, ओकत होता.

पद्मिनीनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि मग वसुधाच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. "डोक्यात मारलंस? माझ्या पोराच्या डोक्यात?"

"आई," जय म्हणाला. "आई, स्टॉप. तिनं बरोबर केलं." त्यानं कानावर हात दाबला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. त्याला रडू फुटलं ते बापाकडे बघून. राजीव रांगत त्याच्यापाशी गेला. गळ्यातून आवाज निघत नव्हता. त्यानं आपल्या अंगातलं स्वेटर ओढून काढलं आणि पोराच्या डोक्याला दाबून धरलं.

शेजाऱ्यांनी फोन केला असावा. पोलीस आले. एकानं विचारलं, कुणी मारलं. वसुधानं हात वर केला. राजीवनं मानेनंच नकार दिला, त्याला कुणाविरुद्धच तक्रार करायची नव्हती. मग जय स्वतः पोलिसाला म्हणाला, "मला इथे ठेवू नका. ठेवलंत तर मी पुन्हा करीन. मला माहीत आहे." त्यावर त्याला आधी टाके घालायला आणि तिथून माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात नेलं. तो वसंत येईपर्यंत तिथे राहिला. पहिल्या काही आठवड्यांत त्यानं एका नर्सचं बोट मोडलं. नंतर मोडायचं थांबलं.

एप्रिलमध्ये कोर्टात निकाल होता. ट्रेव्हर आला होता. जबडा जुळला होता, पण थोडा तिरका. जयनं तुरुंगात जायला हवं असं त्याचं मत होतं आणि त्यानं ते न्यायाधीशांना स्पष्ट सांगितलं. पूर्वी भराभर बोलायचा, आता एकेक शब्द ठेवून बोलत होता. जयनं मान खाली न घालता सगळं ऐकलं. न्यायाधीशांनी तुरुंगाची शिक्षा दिली पण स्थगित ठेवली. अट अशी, की उपचार सोडायचे नाहीत आणि पुन्हा कुणावर हात उचलायचा नाही. ट्रेव्हर उठून सरळ बाहेर निघून गेला. वसुधाला वाटलं, त्याचा राग खोटा नाही, आणि आपण त्याच्या मागे जाऊन काही बोलावं असं आपल्याजवळ काही नाही.

त्या उन्हाळ्यात जय दक्षिणेकडे अल्फारेटा गावी गेला, राजीवच्या चुलतभावाकडे. तिथे एअर कंडिशनर दुरुस्तीचं काम शिकला. पोटमाळ्यावर एकट्यानं तासन्‌तास काम असायचं, मागून कुणी यायचं नाही, ते त्याला मानवलं.

वसुधाचं कुर्वालचं पुस्तक दोन हजार आठमध्ये निघालं, फार कुणी वाचलं नाही. पद्मिनी मराठी मंडळात दिसली की दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसायची. वसुधानंही तिकडे जाणं कमी केलं. राजीवचा आवाज कायमचा घोगरा झाला होता. तो मात्र एकदा दुपारी तिच्या दाराशी आला. हातात गाडीची किल्ली तशीच होती, आत बसायला तयार नव्हता.

"पद्मिनीला सांगून आलोय," तो म्हणाला. "ती काही बोलली नाही. पण जाऊ नकोस असंही म्हणाली नाही."

"जय कसा आहे?"

"काल फोनवर अर्धा तास बोलला. उकाड्याबद्दल." राजीवनं घसा खाकरला. तो खाकरून साफ होत नसे. "मला रोज सकाळी वाटतं, तू दोन मिनिटं उशिरा पोचली असतीस तर. आणि पद्मिनीला रोज वाटतं, ते फावडं दोन इंच खाली लागलं असतं तर."

वसुधाला दोन्ही पटत होतं. तिनं दार पूर्ण उघडलं. राजीव जरा घुटमळला, मग बूट काढून आत आला.